जर्मन-फ्रेंचमध्ये पीएचडी करायचीय?

एमए झालं, आता पुढे काय, असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट.

आधी नियम. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि साधारणपणे कमाल 6 वर्षं. एमएला 55 टक्के लागतात, राखीव गटांना 5 टक्के सूट. जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी या विषयांत नेट देता येते. फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलात तर तो निकाल एकच वर्ष चालतो, आणि प्रवेशात नेटला 70 टक्के, मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. म्हणून मुलाखतीआधी विषय पक्का हवा!

आणि विषय कुठेही सापडतो. 'माहेर' हा शब्द घ्या. जर्मनमध्ये 'एल्टर्नहाउस' म्हटलं की आईवडिलांचं घर येतं, पण सासर गळून पडतं. ते घर मुलालाही लागू होतं, माहेर फक्त बाईचं. मग कथेत लेक दिवाळीला माहेरी निघाली, तर अनुवादक काय करतो? तळटीप देतो की मूळ शब्दच ठेवतो? अशी शंभर उदाहरणं जमवलीत की एक प्रकरण उभं राहतं.

उलट दिशेचं उदाहरण तर केवढं मोठं! ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठी भाषेच्या घडणीवर प्रबंध लिहिला. 1920 साली तो पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने आला. मराठीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला आजही तो उघडावाच लागतो, आणि मूळ फ्रेंचमधून वाचता आला तर त्यासारखं सुख नाही.

कोणत्या भाषेत करताय? विषय खाली लिहा, बोलूया.