नर्बदेवरून चालवलेली लढाई : मुख्यालय-जहाज म्हणजे नेमकं काय?

कारेगावात बसून युद्धनौकेवर बोलायचं म्हणजे जरा गमतीचंच वाटेल. इथं पाणी म्हणजे घोड नदीचं, नाहीतर विहिरीचं. समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. पण इथून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेला निघा, भीमा ओलांडा, चौफुला आलं की केडगाव जवळच. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे केडगाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नसते. १९४४ च्या जानेवारीत मुंबईला उतरलेले ब्रिटिश कमांडो आगगाडीनं या केडगावच्या छावणीत आले आणि तिथं राहिले. पुढं अराकानच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या म्यानमारच्या पश्चिम बाजूला, ज्यांनी चिखलातून वर चढत लढाई केली, ती हीच माणसं. आणि त्या लढाईचे दोर ज्या बोटीवरून हलत होते, तिचं नाव होतं ‘नर्बदा’. आपलीच बोट, रॉयल इंडियन नेव्हीची.

आज आम्हाला त्या बोटीबद्दल सांगायचंय. पण त्याआधी थोडं मागं जाऊ या, कारण मुख्यालय-जहाज ही कल्पना आली कुठून हे कळल्याशिवाय नर्बदेनं काय केलं ते कळणार नाही.

समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं, याला उभयचर मोहीम म्हणतात. बेडकासारखी, पाण्यातही आणि जमिनीवरही. यातली अडचण अशी, की इथं तीन मालक असतात. पाण्यात आहे तोवर शिपाई नौदलाच्या हाती, वाळूवर पाय टेकला की सेनेच्या हाती, आणि डोक्यावर विमानं तिसऱ्याच्याच हुकमानं फिरणार. या तिघांचे अधिकारी एका खोलीत, एका नकाशापुढं बसले नाहीत तर काय होतं?

ते १९४० च्या सप्टेंबरात डाकारला दिसलं. पश्चिम आफ्रिकेतलं हे बंदर घ्यायला ब्रिटिश गेले. नौदलाचे आणि सेनेचे दोघेही प्रमुख ‘बारहॅम’ या मोठ्या लढाऊ जहाजावर होते. आता लढाऊ जहाजाचं काम काय? लढणं. गोळागोळी सुरू झाली की ते त्यात गुंतणार. सेनापतीची गरज किनाऱ्याजवळ असली तरी जहाज जाईल तिकडं त्यालाही जावं लागणार. मोहीम फसली. फसण्याची कारणं इतरही होती, पण हा धडा ब्रिटिशांनी मनावर घेतला.

दुसरा किस्सा अमेरिकनांचा, १९४२ च्या नोव्हेंबरातला. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर जनरल पॅटन ‘ऑगस्टा’ या क्रूझरवर होते. किनाऱ्यावर जायला त्यांची होडी बाजूला टांगून तयार ठेवलेली. तेवढ्यात जहाजाच्या तोफा सुरू झाल्या आणि त्या दणक्यानं होडीच फुटली! वायरलेसचंही नुकसान झालं. म्हणजे माणूस सेनापती, आणि अडकून पडलाय आपल्याच तोफांमुळं.

तेव्हा उपाय असा निघाला की प्रवासी किंवा मालवाहू बोट घ्यायची, तिच्यावर तोफा थोड्याच ठेवायच्या, आणि पोट भरायचं ते वायरलेस संचांनी, नकाशांनी आणि तिन्ही दलांच्या माणसांनी. ‘लार्ग्स’ ही अशी एक. मूळची फ्रेंच बोट, ‘शार्ल प्लुमिए’, ब्रिटिशांनी १९४० मध्ये ताब्यात घेतलेली. ओरान, सिसिली, मग नॉर्मंडीचा ‘स्वोर्ड’ किनारा, सगळीकडं ती होती. अशा बोटीची कामगिरी सांगायला बसलं तर ऐकणारा कंटाळतो, कारण तिनं बुडवलं कुणालाच नाही. ती फक्त ऐकते आणि सांगते. किनाऱ्यावरचा निरीक्षक पाठीवरच्या संचावरून म्हणतो, ‘त्या झाडांच्या रांगेमागं मशीनगन आहे.’ मग तिकडं तोफ लावायची की विमान पाठवायचं, आपली माणसं तिथं पोचलीत का, पुढची लाट थांबवायची का, हे सगळं त्या खोलीत ठरतं. तिथं उत्तर यायला उशीर झाला, तर किनाऱ्यावर पडून असलेला माणूस मरतो. इतका साधा हिशेब आहे.

आता अराकान. १९४३ च्या अखेरीला पूर्वेकडच्या मोठ्या उतराईचे बेत रद्द झाले आणि लँडिंग क्राफ्ट युरोपकडं वळवले गेले. इकडं उरलं ते जुळवून घ्यायचं. शिवाय अराकानचा किनारा म्हणजे आपल्या कोकणातल्या खाड्यांचं जाळं डोळ्यांपुढं आणा आणि ते दहापट गुंतागुंतीचं करा. भरती-ओहोटीच्या या नाल्यांना तिथं ‘चाउंग’ म्हणतात. दोन्ही काठांना खारफुटी, खाली गाळ. मोठी बोट आत येऊच शकत नाही. म्हणून काम आलं ते स्लूपवर. नर्बदा साधारण साडेतेराशे टनांची, सहा ४ इंची तोफांची. इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीत बांधलेली, १९४३ मध्ये नौदलात आलेली. तिच्यावर होते रॉयल इंडियन नेव्हीचे कॅप्टन नॉट, आणि म्येबोनच्या उतराईतल्या नौदलाच्या ताफ्याचे प्रमुखही तेच. जोडीला ‘जमना’. म्हणजे डाकारनंतर जे करायचं नाही असं ठरलं होतं, तेच इथं करावं लागलं! लढायचंही याच बोटीनं आणि लढाई चालवायचीही याच बोटीवरून.

१२ जानेवारी १९४५. म्येबोनच्या किनाऱ्यावर जपान्यांनी पाण्यात खुंट ठोकून ठेवले होते, होड्या अडाव्यात म्हणून. आदल्या रात्री काही माणसं गुपचूप छोट्या होड्यांतून गेली, खुंटांना सुरुंग बांधून परत आली, आणि उतराईच्या ऐन आधी ते उडाले. मग विमानांचा मारा, धुराचा पडदा, नर्बदा-जमनाच्या तोफा. पहिली लाट फार नुकसान न होता वर चढली. इथवर सगळं कागदावरच्यासारखं.

आणि मग ओहोटी लागली. मागून येणाऱ्यांना होड्या किनाऱ्याला लावता येईनात. माणसं उतरली ती कमरेएवढ्या चिखलात. भातखाचरात पाय रुततो तसा नव्हे. पाय काढायला दुसऱ्यानं ओढावं लागेल असा. काहीशे पावलांचं अंतर कापायला काहींना तासन्‌तास लागले, तेही ओझ्यासकट. रणगाडा उतरवायला गेले तर तो फसला. शेवटी जवळच खडकाळ जागा शोधून रणगाडे तिथून वर काढले. आम्हाला वाटतं, मुख्यालय-जहाजाची खरी परीक्षा अशा वेळी असते. ठरल्याप्रमाणे चाललंय तोवर कुणीही हुकूम देईल.

दहा दिवसांनी कांगॉ. म्येबोनहून तिकडं जायची सरळ वाट जपानी तोफांच्या माऱ्यातली होती. म्हणून २२ जानेवारीला होड्यांचा तांडा लांबचा वळसा घेऊन डाइंगबॉन चाउंगमधून गेला. जपानी त्या बाजूनं कुणी येईल अशा अपेक्षेतच नव्हते. पण एकदा उतरल्यावर मात्र त्यांनी जीव तोडून हल्ले केले, कारण त्यांच्या ५४ व्या डिव्हिजनची माघारीची सडक तिथून जात होती. १७० नंबरच्या टेकडीवर ३१ जानेवारीला जे झालं, त्यात लेफ्टनंट जॉर्ज नोलंडना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या टेकडीवर कमांडोंची ४५ माणसं गेली, ९० जखमी झाली.

पण कांगॉ म्हटलं की मराठी माणसाला आणखी एक नाव माहीत पाहिजे. कमांडोंच्या मदतीला ५१ वी भारतीय ब्रिगेड आली. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट. थिमय्या, एल. पी. सेन, आणि तिसरे एस. पी. पी. थोरात. शंकरराव थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. त्यांच्या २/२ पंजाब पलटणीनं ‘मेलरोज’ नावाची टेकडी जिंकली. तिघांनाही डीएसओ मिळाला. पुढं थोरात लेफ्टनंट जनरल झाले, पूर्व विभागाचे प्रमुख झाले. त्यांची माणसं ज्या गाळातून वर गेली, तिथवर पोचली ती होड्यांतूनच, आणि पाठीशी नदीतल्या स्लूपच्या तोफा होत्या.

खरीखुरी ‘लार्ग्स’ इकडं आली ती रंगूनच्या मोहिमेला. २ मे १९४५ ला रिअर ॲडमिरल मार्टिन तिच्यावर होते आणि २६ वी भारतीय डिव्हिजन उतरली. वायरलेस, नकाशे, तिन्ही दलं, सगळा जामानिमा. पण जपानी रंगून सोडून आधीच निघून गेले होते. तुरुंगाच्या छपरावर युद्धकैद्यांनी मोठ्या अक्षरांत तसं लिहूनही ठेवलं होतं.

सप्टेंबरात, जपाननं शरणागती पत्करल्यानंतर, मलायात मोरिबच्या किनाऱ्यावर ठरल्याप्रमाणे उतराई झाली. एकही गोळी सुटली नाही, तरी गाड्या मऊ किनाऱ्यात रुतल्याच. समोर कुणी लढायला असतं तर काय झालं असतं, यावर लष्करी अभ्यासक अजून बोलतात.

नर्बदेचं पुढं काय झालं, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नाविकांनी उठाव केला, त्यात ती आणि जमना दोघीही होत्या. १९४७ ला नौदलाची वाटणी झाली. जमना भारताकडं राहिली. नर्बदा पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव ‘झेलम’ झालं.