पाळीव सशाची स्वच्छता

घरात ससा आला की मुलांचा पहिला हट्ट असतो तो त्याला न्हाऊ घालण्याचा. आणि त्या पांढऱ्याशुभ्र अंगावर डाग दिसले की वडील माणसांनाही साबण आठवतो. हा मोह आवरलाच पाहिजे. ससा मांजराप्रमाणे स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवतो. त्याची दाट लव एकदा भिजली की लवकर वाळत नाही, अंगातील ऊब झपाट्याने उतरते, आणि पाण्यात धरल्याच्या नुसत्या भीतीनेही हा भित्रा जीव दगावू शकतो.

असे असता काही ससे मागील बाजूने घाण का राहतात? ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरड्या, वाटोळ्या लेंड्यांची. दुसरी मऊ, चिकट, द्राक्षांच्या चिमुकल्या घोसासारखी. ही दुसरी तो बुडाशी तोंड नेऊन तेथल्या तेथे खाऊन टाकतो. ऐकून किळस येईल. परंतु आतड्यातील जंतूंनी गवतापासून तयार केलेली जीवनसत्त्वे व प्रथिने त्याला याच मार्गाने मिळतात. पाव, बिस्किटे, दाणे, गोड फळे यांचा मारा झाला की ही विष्ठा पातळ होते आणि लवेला चिकटून बसते. लठ्ठ किंवा सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या सशाला तर तेथवर वाकताच येत नाही. तेव्हा बूड मळलेले दिसताच आधी त्याच्या खाण्याकडे पाहावे. आहाराचा फार मोठा भाग गवताचाच हवा, मग ते वाळलेले असो की ताजी हरळी. गाजर हे सशाचे मुख्य अन्न, ही समजूत चित्रांच्या पुस्तकांतली. ते चवीपुरतेच द्यावे.

चिकटलेला मळ कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून हलक्या हाताने सोडवावा. ओढू मात्र नये, कारण सशाची कातडी फार नाजूक असते. तेवढा भाग लगेच पूर्ण कोरडा करावा.

गोवा-बेळगावकडच्या दमट पावसाळ्यात हे काम उद्यावर टाकणे धोक्याचे. माशी या घाणीवर अंडी घालते. एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघू शकतात आणि त्या जिवंत मांस पोखरू लागतात. वरून लवेमुळे काहीच दिसत नाही. ससा मलूल होऊन बसतो व एकदोन दिवसांत मरतो. म्हणून या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहावेच. अळी दिसताच घरगुती उपाय करीत न बसता त्याच घटकेस पशुवैद्य गाठावा. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिल नावाचे औषध सशाला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.

आता पिंजरा. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तेथे पसरट पेटी ठेवून तळाशी कागद व वर गवत घालावे आणि ते रोज बदलावे. लघवीचा उग्र दर्प कोंडून राहिला तर त्याच्या श्वासनलिकेला व फुप्फुसांना अपाय होतो. पेटीवर बसणारा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. लघवी कधी तांबूस दिसते, ती पुष्कळदा खाण्यातील पाल्यामुळे. पण ससा कुंथत असेल किंवा मांड्या सदा ओल्या राहत असतील, तर मूतखड्याची शंका घेऊन त्याला वैद्याकडे न्यावे. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा असल्यास त्यावर फळी टाकून गवत पसरावे. सशाच्या तळपायांना कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, आणि जाळीने तेथे जखमा होतात.