लोखंडी चॅनेलचा बाक

लोखंडी चॅनेल किती भार पेलेल, या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे असतात. एक मजबुतीचे, म्हणजे पोलाद कायमचे वाकण्यापूर्वी किती ताण सोसेल याचे. दुसरे ताठपणाचे, म्हणजे भाराखाली मध्यावर किती बाक येईल याचे. लांब गाळ्यांत बहुधा दुसरेच उत्तर आधी आडवे येते आणि हिशेबात नेमके तेच सुटते.

100 मिलिमीटर उंचीचा, मीटरला सुमारे साडेनऊ किलो वजनाचा चॅनेल बाजारात सर्रास मिळतो. अशा दोन चॅनेलवर 1000 लिटरची पाण्याची टाकी ठेवली, की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा टन येतो. हा सगळा भार मध्यावरच आहे असे धरले, तर 3 मीटरच्या गाळ्यात बाक साधारण साडेसात मिलिमीटर येतो. गाळ्याचा तीनशेवा भाग ही नेहमीची मर्यादा. इथे ती 10 मिलिमीटर, म्हणजे काम भागते. गाळा 4 मीटर केला की बाक 18 मिलिमीटरच्या आसपास जातो, मर्यादा मात्र 13 चीच. ताण अजूनही चौरस मिलिमीटरला सुमारे 134 न्यूटनच असतो आणि साधे पोलाद 250 पर्यंत टिकते. चॅनेल मजबुतीत पास, ताठपणात नापास.

कारण असे, की मध्यावरच्या भाराने येणारा बाक लांबीच्या घनाने वाढतो. गाळा दुप्पट, तर बाक आठपट. अधिक मजबूत प्रतीचे पोलाद आणून इथे काहीच साधत नाही, कारण सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. उपयोगी पडते ती उंची: 150 मिलिमीटरचा चॅनेल वजनाला पावणेदोन पट, पण ताठपणात चौपट भरतो. उलट 100 चा चॅनेल आडवा, पालथा टाकला तर बाक सातपट होतो. जागा वाचवण्यासाठी हे सर्रास केले जाते आणि ते धोक्याचे आहे.

चॅनेलची आणखी एक खोड म्हणजे पीळ. त्याची एक बाजू उघडी असल्याने वरून ठेवलेला भार त्याला वाकवतो आणि पिरगाळतोही. म्हणून दोन चॅनेल पाठीला पाठ लावून जोडतात, किंवा समोरासमोर ठेवून पेटी करतात. नळासाठी भोक पाडायचेच असेल, तर ते उभ्या पट्टीच्या मध्यावर पाडावे. वरच्या-खालच्या पट्ट्यांना हात लावू नये, कारण वाकवणारा ताण त्याच घेतात.

बाक मोजायला दोरी पुरते. टाकी भरलेली असताना दोन्ही टेकूंजवळ चॅनेलच्या खालच्या कडेला दोरी ताणून लावावी आणि तिच्याखाली मध्यावर चॅनेल किती उतरला ते पट्टीने पाहावे. टाकी रिकामी करून पुन्हा मोजावे. पाण्यामुळे आलेला बाक गेला, तर पोलाद अजून लवचीक हद्दीत आहे. त्यातला काही मागे उरला, तर ते चॅनेल बदलायला हवेत.