दोष खेळाचा कीं नियमांचा?

मैदानावर हातपाय मोडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. परंतु एकाच हंगामांत जायबंदी झालेल्यांची व मेलेल्यांची यादी वर्तमानपत्रांत छापली जाऊं लागली, म्हणजे दैवाला बोल लावून भागत नाहीं. कारण शोधावें लागतें. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलवर १९०५ सालीं असाच प्रसंग आला.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा, पायानें खेळावयाचा नव्हे. त्यांत चेंडू काखेंत धरून प्रतिपक्षाच्या हद्दींत घुसावयाचें असतें. त्या काळीं तीन प्रयत्नांत ५ यार्ड, म्हणजे अवघे १५ फूट, पुढें सरकलें कीं चेंडू आपल्याचकडे राही. तो पुढें फेकण्यास मात्र मनाई होती. तेव्हां सोपा उपाय एकच. गड्यांनीं एकमेकांस बिलगून घोळका करावयाचा, चेंडूवाल्यास मध्यें घ्यावयाचें आणि त्याला ओढून-ढकलून समोरच्या फळीवर आदळावयाचें. डोक्यावर टोप घालण्याचीहि सक्ती नव्हती. त्या ढिगाऱ्याखालीं कोणाची मान सांपडली, हें पंचालाहि दिसत नसे.

त्या हंगामांत, शाळकरी मुलें धरून, १८ जण दगावल्याची नोंद शिकागोच्या एका वृत्तपत्रानें केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः या खेळाचे चाहते. त्यांचा मुलगा हार्वर्डच्या नवागतांच्या संघांत खेळत असे. ऑक्टोबरांत त्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील चालकांना बोलावून समज दिली. पण २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क येथें युनियन कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला, आणि खेळच बंद करा, ही मागणी जोरावली. कोलंबिया विद्यापीठानें तो खरोखरच बंद केला. डिसेंबरांत ६२ संस्थांचे प्रतिनिधि जमले. त्यांनीं बंदीऐवजीं सुधारणेचा मार्ग पत्करला.

१९०६ सालीं नियम बदलले. ५ यार्डांच्या जागीं १० यार्ड आले, चेंडू पुढें फेकण्यास परवानगी मिळाली, आणि दोन फळ्यांमध्यें मोकळी जागा राखण्यांत आली. ३० फूट नुसत्या रेट्यानें मिळेनात. अर्थात् गड्यांना पांगावें लागलें, आणि वेग व चातुर्य यांना किंमत आली.

तरीहि ओढण्या-ढकलण्याची वाट उरलीच होती. १९०९ सालीं वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाचा एक विद्यार्थी हार्वर्डविरुद्ध खेळतांना जखमी होऊन दुसऱ्या दिवशीं वारला. त्या संघानें उरलेले सामने रद्द केले. १९१० सालीं तीहि वाट बंद झाली.

तात्पर्य, खेळाडू नियमांच्या सांगण्याप्रमाणें खेळतो. ज्यांत घोळक्याला यश मिळतें, तेथें घोळकाच होणार. आपला मुलगा किती धीट आहे, हें आपण कौतुकानें पाहतों. त्याच्या धिटाईकडून नियम काय मागतात, हेंहि वडील माणसांनीं पाहिलें पाहिजे.