मैदानावर मॅडम हव्यात

नेपाळमधल्या विराटनगरात मार्च २०१९ मध्ये भारताच्या मुलींनी यजमानांना ३-१ असं हरवलं आणि महिला फुटबॉलची सॅफ स्पर्धा सलग पाचव्यांदा जिंकली. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या गोव्याच्या मेमोल रॉकी. स्वतः भारताकडून खेळलेल्या मेमोल २०१७ मध्ये वरिष्ठ महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. ही जबाबदारी मिळालेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, भारताने ऑलिंपिक पात्रता स्पर्धेची पहिली फेरी प्रथमच ओलांडली. डिसेंबर २०१९ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्णपदकही आलं. २०२१ मध्ये त्यांनी पद सोडलं.

दुसरं नाव आपल्याच राज्यातलं. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातलं बेकनाळ हे अंजू तुरंबेकर यांचं गाव. महाराष्ट्राकडून खेळल्यावर त्यांनी प्रशिक्षणाची वाट धरली आणि आशियाई फुटबॉल महासंघाचा 'ए' परवाना मिळवला. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी ही परवान्यांची चढण असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलामुलींच्या फुटबॉलची धुराही त्यांनी सांभाळली.

पण राष्ट्रीय संघ एकच असतो आणि महासंघातल्या जागाही मोजक्याच. मग खेळून झालेल्या बाकीच्या मुलींनी जायचं कुठे? अमेरिकेने याचं उत्तर कॉलेजांत शोधलं. १९७२ मध्ये तिथे 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींशी भेदभाव करायला त्याने बंदी केली आणि खेळही त्यात आला. मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या आल्या आणि पूर्णवेळ पगारी प्रशिक्षकही आले. १९८२ मध्ये विद्यापीठांची राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. प्रशिक्षक अॅन्सन डॉरन्स यांच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ती जिंकली आणि पुढे त्यांच्या काळात एकूण २१ वेळा जिंकली.

सिंडी पार्लो कोन याच विद्यापीठाच्या विद्यार्थिनी. १९९९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात त्या होत्या. अमेरिकेतली पहिली व्यावसायिक महिला लीग २००१ मध्ये सुरू झाली आणि तीनच हंगामांत बंद पडली. पार्लो त्या लीगमध्ये अटलांटाकडून खेळल्या. डोक्याला वारंवार बसलेल्या माराने पुढे त्यांचा खेळ थांबवला, तेव्हा त्या आपल्याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक झाल्या. त्या अनुभवावर २०१३ मध्ये त्यांनी पोर्टलंडच्या संघाला नव्या लीगचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि २०२० मध्ये त्या अमेरिकन फुटबॉल महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. लीग बंद पडली तरी कॉलेजं चालूच असतात. माजी खेळाडूच्या पोटापाण्याला आणि तिच्या विद्येला तिथे आधार मिळतो.

असा आधार आपल्याकडे आहे का, हे पाहायला आता अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याकडे वळू. नगर, संगमनेर, लोणी, श्रीरामपूर, कोपरगाव इथली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. वर चढायचा जिना तयार आहे: आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, पुढे पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे. कमी आहे ती रोज शिकवणाऱ्या माणसाची. कॉलेजात एकाच शारीरिक शिक्षण संचालकाकडे कबड्डीपासून कुस्तीपर्यंत सगळे खेळ असतात. मुलींचा फुटबॉल संघ मग अनेकदा स्पर्धेच्या तोंडावर गोळा होतो.

रोज शिकवणारी बाई काय बदलते, हे गुडघ्यावरून कळतं. उडी मारून एका पायावर उतरताना मुलीचा गुडघा आत वळला, तर गुडघ्यातला पुढचा क्रुशिएट लिगामेंट (अस्थिबंध) फाटू शकतो. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते आणि वर्ष वाया जातं. ती टाळायला फिफाचा 'इलेव्हन प्लस' सराव आहे: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. खर्च शून्य. पण उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला का, हे प्रत्येकीजवळ उभं राहून पाहावं लागतं, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदा. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आढळला. दुसऱ्या हाफमध्ये दमणारी मुलगी आळशी नसते, तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं. पाळीबद्दल, पोटदुखीबद्दल ती सरांशी सहसा बोलत नाही, मॅडमशी बोलते. घरून 'आता खेळ पुरे' असा निरोप आला, तर आईला भेटायला घरी जाणारीही तीच.

यासाठी अमेरिकेइतका पैसा लागत नाही. जवळपासच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून विद्यापीठ किंवा राज्यस्तरावर खेळलेली एक मुलगी मानधनावर नेमावी. तिच्या डी परवान्याचा खर्च उचलावा. जून ते मार्च ठरावीक संध्याकाळी मैदान मुलींसाठी राखून ठेवावं. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्या संघाकडे बघून आपल्या कॉलेजात यंदा ज्या मुली फुटबॉल मागतील, त्यांना चेंडूबरोबर शिकवणारी मॅडमही द्या. चार वर्षांनी त्यांच्यातलीच एखादी पुढच्या तुकडीला शिकवायला उभी राहील.