जिथे हातभर उंचीलाही मोल आहे: कच्छचं मोठं रण

भुजहून उत्तरेला निघालं की भिरंडियाराच्या नाक्यावर परवाना काढायचा. तिथून बन्नीचं गवताळ मैदान आणि त्यापलीकडे कच्छचं मोठं रण, थेट सरहद्दीपर्यंत. ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंच, त्यामुळे इथे हातभर उंचीसुद्धा मोलाची. जी जागा पाण्यावर डोकं काढून राहते तिला बेट म्हणतात. खडीर बेट, हंज बेट. उन्हाळ्यात चहूकडे ठणठणाट असला तरी नाव बेटच.

एके काळी इथे अरबी समुद्राचा फाटा होता. तो गाळानं भरत गेला. आजही पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत रेटतो, राजस्थानातून लुणी नदीचं पाणी येतं. दिवाळीनंतर ते आटत जातं आणि मीठ उरतं. वाकून पाहिलं तर मिठाचे वेडेवाकडे बहुकोनी तुकडे दिसतात, प्रत्येकाची कडा किंचित वर उचललेली. टाच दाबली की फटीतून काळा चिखल वर येतो. वाटाड्याशिवाय आत शिरू नये ते यासाठीच.

१६ जून १८१९ च्या संध्याकाळी इथली उंचीच बदलली. भूकंपानं कच्छ संस्थानचा सिंद्री किल्ला खचला, समुद्राचं पाणी आत घुसलं आणि रणात मोठा जलाशय झाला. किल्ल्यातल्या लोकांनी उभ्या राहिलेल्या एकाच बुरुजावर जीव मुठीत धरून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांतून सोडवलं. त्याच वेळी उत्तरेला जमीन उचलली गेली. लांबी ऐंशी किलोमीटरहून अधिक, उंची काही ठिकाणी सहा मीटर. सिंधू नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याची वाट तिनं अडवली. माणसांनी घातलेले बांध लोकांच्या ओळखीचे होते. हा बांध माणसाचा नव्हे, म्हणून तो ‘अल्ला बंद’. १८२६ च्या पुरानं तोही फोडला. पुढे चार्ल्स लायेल यांनी भूशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात सिंद्रीची हकिकत घेतली. जमीन कशी खचते आणि कशी वर येते, याचा असा ढळढळीत पुरावा त्यांना दुसरीकडे क्वचितच मिळाला असता.

हे सगळं वरून पाहायचं तर काळ्या डुंगरावर जावं. उंची साधारण ४६० मीटर, कच्छमधली सर्वांत जास्त. माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे. गाणगापूर, नरसोबाची वाडी करणाऱ्या आपल्या मंडळींनी इथली कथा ऐकावीच. भुकेलेले कोल्हे दारी आले, द्यायला काही नव्हतं, तेव्हा दत्तगुरूंनी आपलं अंगच पुढे केलं. कोल्हे खात गेले, अंग पुन्हा भरत गेलं. आजही पुजारी ‘लोंग, लोंग’ अशी हाक देऊन चौथऱ्यावर गोड भात ठेवतात आणि कोल्हे येतात.

बन्नीचे मालधारी रात्री म्हशी चरायला सोडतात. अंधारात तरंगणाऱ्या ‘चीर बत्ती’च्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकाव्यात. तिच्या मागे गेला तो वाट चुकला, असं ते सांगतात.

रणाच्या आत हंज बेटाजवळ रोहित पक्ष्यांची वसाहत आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जन्मभर जोडलेल्या सालिम अलींनी १९४५ मध्ये तिथे जाऊन तिचं वर्णन लिहिलं. चिखलाचा ढिगारा रचायचा, वर खळगा करायचा आणि त्यात एक अंडं घालायचं, एवढंच ते घरटं. पाणी चढलं तर घरटं बुडतं, लवकर आटलं तर पिल्लांची उपासमार.

बहुतेक पर्यटक धोरडोच्या तंबूंतून पांढरं रण पाहून परततात. मला ते अपुरं वाटतं. खवड्याहून रण चिरत जाणाऱ्या रस्त्यानं खडीर बेटावर धोलावीराला जावं. ते २०२१ पासून जागतिक वारसास्थळ आहे. दोन ओढ्यांचं पावसाचं पाणी प्रचंड हौदांत साठवून हडप्पाकालीन माणसांनी या खाऱ्या मुलखात शहर वसवलं. आता खवड्याच्या परिसरात सौर आणि पवनऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प उभा राहतो आहे. वीज हवीच, पण रोहित रात्री उडतात आणि उंच तारा त्यांना दिसत नाहीत. त्यांच्या वाटेवरच्या तारा जमिनीखालून न्यायला हव्यात.