फुप्फुसांची वर्ल्ड टूर : कोण किती दमदार?

दीर्घ श्वास घ्या, आजची सफर थेट छातीच्या पिंजऱ्यात!

माहीत आहे का? १९३३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सर झालेलं अख्खं फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढलं. पेशंट स्वतः डॉक्टर. गडी पुढे एका फुप्फुसावर सुमारे ३० वर्षं जगला!

आता मॅच सुरू. २०१० ते २०१४ या काळात फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं तग धरणारे जपानमध्ये शंभरात ३३, अमेरिकेत २१, ब्रिटनमध्ये १३. पण थांबा, यात ऑपरेशन न झालेलेही आले.

मग फक्त ऑपरेशनवाले घेऊ. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, वय सरासरी सदुसष्टच्या आसपास. जपानी चाचणीत पाच वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त पेशंट हयात, तर अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत ८० च्या आसपास. जपानी सर्जनच्या हातात जादू? हात कुशल आहेतच, पण पेशंटही वेगळे होते! जपानच्या चाचणीत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती, तिकडे नव्वद टक्क्यांहून जास्त ओढणारे किंवा ओढून सोडलेले. धुराने पोळलेलं हृदयही हिशेबात येतंच ना!

आणि याच जपानी चाचणीतला सुपर ट्विस्ट माहीत आहे का? पूर्ण लोब (म्हणजे फुप्फुसाचा अख्खा खंड) न काढता छोटा तुकडाच काढलेल्यांमध्ये कॅन्सर त्याच जागी परतण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. तरीही जगले तेच जास्त : ९४.३ विरुद्ध ९१.१ टक्के! वाचलेलं फुप्फुस पुढच्या आजारपणात कामी आलं असावं, असा तज्ज्ञांचा कयास. मला विचाराल तर या विषयातला सर्वात भारी आकडा हाच.

इंग्लंड विरुद्ध नॉर्वे-स्वीडन? २००१ ते २००४ च्या पेशंटमध्ये इंग्लंड मागे पडलं ते मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या वर्षातच. म्हणजे गाडी चुकली ती बहुधा स्टेशनवर पोचायलाच, अर्थात निदानालाच, उशीर झाल्यामुळे.

आपल्याकडेही हीच रड. एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबीच्या गोळ्या, महिनोन्‌महिने. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत पोचेस्तोवर अनेकांची ऑपरेशनची वेळ टळलेली असते. जीव तुटतो हो हे वाचून!

चला, मूड बदलू. स्पेनच्या आ कोरुन्यामध्ये २०१० साली डॉ. दिएगो गोन्सालेस-रिवास यांनी एकाच छोट्या छेदातून, दुर्बिणीने, अख्खा लोब काढला. एकच होल, काम अनमोल!

आकडेवारीचे शौकीन? शांघायच्या पल्मनरी हॉस्पिटलमध्ये वर्षाला दहा हजारांहून जास्त छातीची ऑपरेशनं होतात.

आणि तैवान? घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झालेला असेल, तर कधीच सिगारेट न ओढलेल्यांनाही २०२२ पासून दर दोन वर्षांनी सरकारी खर्चाने लो-डोस सीटी स्कॅन. सुरुवातीला पुरुषांचा नंबर पन्नाशीपासून, बायकांचा ४५ पासूनच. लेडीज फर्स्ट!